गोळी न घेताच व्हायरल लोड ‘सापडला नाही’, मग एआरटी घ्यायची का?

प्रश्न: ह्यांचं वय ३६. गणपतीतल्या रक्तदान शिबिरात दरवर्षी रक्त देतात. आधीची दोन वर्षं काही निघालं नाही, यंदा रक्तपेढीतून बोलावणं आलं. सिव्हिलच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ८१२ आहे. एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रातले डॉक्टर म्हणाले, गोळ्या लगेच सुरू करू. पण ह्यांनी खासगी लॅबमध्ये व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूची मोजणी) केला, त्यावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं आलं. तीन महिन्यांनी पुन्हा केला, तेच. एकही गोळी घेतलेली नाही, फक्त गावातल्या एकांचा काढा चालू आहे. काढा देणारे म्हणतात काढ्याचा गुण आहे. हे म्हणतात, जगात काहींचं शरीर हा विषाणू आपोआप दाबून ठेवतं, मी त्यातलाच, मला गोळ्या नकोत. माझी तपासणी निगेटिव्ह आहे. मुलगी चार वर्षांची, आम्हाला दुसरं मूल हवंय. ह्यांचं ऐकावं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, तुमच्या यजमानांनी वाचलं ते खोटं नाही. औषध न घेता एचआयव्ही दाबून ठेवणारी माणसं खरोखर आहेत. डॉक्टर त्यांना ‘एलिट कंट्रोलर’ म्हणतात, आपण नियंत्रक म्हणू. पण एचआयव्ही असलेल्या दोनशे माणसांत असा जेमतेम एक निघतो. आपण तो एक आहोत, हे तीन महिन्यांच्या अंतराच्या दोन कागदांवरून ठरवता येत नाही. त्यामुळे गोळ्यांच्या बाबतीत यजमानांचं ऐकू नका. का, ते नीट सांगतो, कारण ‘डॉक्टर म्हणतात म्हणून’ एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नाही असं पत्रावरून दिसतं.

नियंत्रक म्हणण्याची कसोटी अशी: एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या ५० पेक्षा कमी प्रती, तेही एआरटीची एकही गोळी न घेता, निदान वर्षभराच्या काळात केलेल्या किमान तीन तपासण्यांत. तुमच्याकडे तपासण्या दोन आहेत आणि काळ तीन महिन्यांचा. शिवाय एक गोष्ट तुम्हीच लिहिली आहे आणि ती फार मोलाची आहे. मागच्या वर्षीचं रक्त निर्दोष होतं. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी सक्तीची असते, म्हणजे लागण झाली असेल तर ती बहुधा गेल्या वर्षभरातली. सुरुवातीला विषाणूला आवर बसला आणि दोन-तीन वर्षांत तो सुटला, असं काहींच्या बाबतीत होतं. इतक्या लवकर निकाल लावणं घाईचं आहे.

मग दोन्ही वेळा विषाणू दिसला का नाही? नियंत्रक असणं ही त्याची चार-पाच कारणांपैकी एक शक्यता झाली. बाकीच्या आधी तपासून घ्या.

पहिली शक्यता अशी की एचआयव्ही नाहीच. आयसीटीसीत एकाच नमुन्यावर तीन वेगवेगळ्या किटने तपासणी होते आणि तिन्ही ‘रिॲक्टिव्ह’ आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. चूक होण्याची शक्यता त्यामुळे फार कमी, पण गोळ्यांशिवाय व्हायरल लोड दोनदा सापडत नसेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा. वेस्टर्न ब्लॉट तपासणीत खऱ्या नियंत्रकाच्या रक्तात प्रतिपिंडांच्या (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या प्रथिनांच्या) पट्ट्या स्पष्ट दिसतात. दुसरी तपासणी प्रोव्हायरल डीएनएची. व्हायरल लोड रक्तद्रवात तरंगणारा विषाणू मोजतो, तर ही तपासणी पेशींच्या आत दडून बसलेला शोधते. नियंत्रकाच्या पेशींत तो सहसा सापडतो, पण अगदी थोडा.

दुसरी शक्यता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच सुटून जाते. एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत, एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२. आपल्याकडे केला जाणारा नेहमीचा व्हायरल लोड फक्त एचआयव्ही-१ मोजतो. अंगात एचआयव्ही-२ असेल तर त्या मशीनला काहीच दिसत नाही आणि कागदावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ छापून येतं. कागद खरा असतो, फक्त त्यानं भलत्यालाच शोधलेलं असतं. एचआयव्ही-२ हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. भारतात तो कमी आहे, पण १९९१ सालीच मुंबईतल्या रुग्णांमध्ये त्याची नोंद झाली आणि मुंबई-गोव्याच्या या पश्चिम पट्ट्यात तो अधूनमधून सापडत आला आहे. तो सौम्य आहे, अनेकांच्या अंगात वर्षानुवर्षं दबून राहतो, पण एड्सपर्यंत नेऊ शकतो. आयसीटीसीचा कागद काढा आणि ‘टाइप’ कुठला लिहिलाय ते बघा: फक्त १, फक्त २, की दोन्ही. १ सोडून दुसरं काहीही लिहिलं असेल, किंवा ओळ कोरीच असेल, तर एआरटी केंद्राला सांगून नमुना नॅकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) ठरवून दिलेल्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवायला लावा. याचा औषधाशी थेट संबंध आहे. इफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरॅपिन ही जुनी औषधं एचआयव्ही-२ वर चालतच नाहीत. डोल्युटेग्राव्हिर चालतं.

तिसरी शक्यता विचारायला अवघड आहे. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये ‘मी औषध घेत नाही’ असं सांगणाऱ्या, पण विषाणू दबलेला असणाऱ्या बऱ्याच लोकांच्या रक्तात एआरटीची औषधं सापडली आहेत. माणसं लाजेनं लपवतात, कुठून तरी गोळ्या आणून घेतात. यजमानांना आरोप न करता एकदा विचारा. आणि काढ्याच्या बाटलीत किंवा पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही नीट सांगता येत नसेल, तर ती बाटली पुढच्या भेटीला डॉक्टरांना दाखवा.

चौथी शक्यता नमुन्याची. व्हायरल लोडसाठी जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त घेतात आणि त्यातून रक्तद्रव वेळेत वेगळा करून थंड ठेवावा लागतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवर नळी उकाड्यात पडून राहिली, तर विषाणूचं आरएनए (त्याचा जनुकीय धागा, जो ही तपासणी मोजते) तुटतं आणि आकडा खोटाच खाली येतो. दोनदा असं होणं अवघड, तरी तिसरी तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये आणि थेट तिच्या मुख्य शाखेत जाऊन करा.

काढ्याबद्दल एवढंच: कुठल्याही काढ्यानं व्हायरल लोड खाली आल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि एड्स बरा करण्याचा दावा औषधावर करायला आपल्याकडच्या औषध नियमांची अनुसूची ‘जे’ मनाई करते. त्यात भस्मं असतील तर मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, आणि पुढे सुरू होणाऱ्या गोळीतलं टेनोफोव्हिरही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. काढा बंद करा.

आता समजा, सगळं तपासून झालं आणि यजमान खरंच नियंत्रक निघाले. त्यांच्या शरीरात काय चालू असेल?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाच्या प्रथिनांची छोटी ताटं असतात. पेशीच्या आत जे काही बनतंय त्याचे तुकडे या ताटात बाहेर मांडले जातात. सीडी-८ या मारेकरी पांढऱ्या पेशी गस्त घालताना ही ताटं तपासतात आणि विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी मारून टाकतात. त्यासाठी आधी पेशीच्या भिंतीला परफोरिन या प्रथिनानं भोकं पाडतात आणि मग ग्रॅन्झाइम हे पेशीला मारणारं प्रथिन आत सोडतात. एवढं प्रत्येकात घडतं, पण एचआयव्ही भराभर रूप बदलतो, ताटातला तुकडा ओळखू येईनासा होतो आणि पहारा फसतो.

ताटाचा घाट माणसागणिक वेगळा असतो. काहींकडे एचएलए-बी ५७ किंवा बी २७ हा प्रकार असतो. सन २००० मध्ये अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका अभ्यासात औषधांशिवाय वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेल्या १३ जणांपैकी ११ जणांकडे बी ५७०१ सापडला होता. आजार वाढत गेलेल्यांमध्ये तो दहांत एकाकडेही नव्हता. २०१० साली हजाराच्या आसपास नियंत्रकांची जनुकं तपासली, तेव्हा सगळी बोटं त्या ताटाच्या खाचेतल्या मोजक्या अमिनो आम्लांकडेच वळली. या ताटांमध्ये विषाणूच्या पी-२४ या प्रथिनाचे तुकडे घट्ट बसतात. पी-२४ म्हणजे विषाणूच्या आतल्या शंकूच्या आकाराच्या कवचाची वीट. सुमारे १५०० विटा, बहुतेक षटकोनांत रचलेल्या आणि नेमके १२ पंचकोन, तेव्हा कुठे तो शंकू बंद होतो. ओळख लपवण्यासाठी विषाणूनं वीट बदलली तर कवचच नीट जुळत नाही आणि त्याची वाढ मंदावते. लपला तर लंगडा होतो, नाही लपला तर सापडतो. नियंत्रकाच्या सीडी-८ पेशी नेमक्या अशा ठिकाणी घाव घालतात. त्या संख्येनं जास्त नसतात, त्यांचा नेम चांगला असतो.

सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे ‘एचएलए बी २७’ ही तपासणी कुणी केलेली असेल तर हा तोच बी २७, मणका आखडण्याच्या आजाराशी जोडलेला. आणि बी ५७०१ असलेल्यांना अबाकॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणजे एका बाजूनं देणं आणि दुसऱ्या बाजूनं घेणं आहे. हे प्रकार भारतातही आढळतात, पण ज्यांच्याकडे आहेत त्यातले बहुतेक जण नियंत्रक होत नाहीत. म्हणून ही तपासणी करून ‘गोळ्या नकोत’ असं ठरवता येत नाही. त्यासाठी पैसे घालवू नका.

दुसरा उलगडा २०२० सालचा. अमेरिकेतल्या शू यू आणि माथियास लिश्टरफेल्ड यांच्या गटानं ६४ नियंत्रकांच्या पेशी गोळ्या घेणाऱ्या ४१ जणांच्या पेशींशी ताडून पाहिल्या. एचआयव्ही आपली जनुकं माणसाच्या डीएनएत कायमची खुपसतो. नियंत्रकांमध्ये ती अशा ओसाड जागी अडकलेली दिसली, जिथं आसपास चालू जनुकं जवळजवळ नाहीत. बियाणं खडकावर पडल्यासारखं. जे सुपीक जागी पडलं होतं, त्या पेशी सीडी-८ नी आधीच टिपून संपवल्या असाव्यात. त्यांपैकी एका स्त्रीच्या तर दीड अब्जाहून जास्त पेशी तपासूनही शाबूत, म्हणजे वाढू शकेल असा, विषाणू सापडला नाही. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एस्पेरान्झा गावच्या एका स्त्रीबद्दल असाच अहवाल आला. तिची १.१९ अब्ज रक्तपेशी आणि वारेतल्या ५० कोटी पेशी तपासल्या होत्या. तिचं निदान २०१३ सालचं, आणि इतकी वर्षं विषाणू न दिसूनही गरोदरपणात तिनं एआरटी घेतली. बाळ निगेटिव्ह जन्मलं. यजमानांना ही गोष्ट जरूर वाचून दाखवा.

ही दोन माणसं मात्र नियंत्रकांतलीही विरळा. बाकीच्या नियंत्रकांत शाबूत विषाणू असतो, थोडा असतो, आणि शरीर त्याच्याशी रोज झुंजत असतं. ती झुंज फुकट नसते. पहारा सतत चालू म्हणजे अंगात बारीक दाह सतत चालू. अमेरिकेतल्या पाहणीत नियंत्रकांना रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण गोळ्या घेऊन विषाणू दाबलेल्यांपेक्षा जास्त निघालं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. काहींची सीडी-४ संख्या विषाणू दिसत नसतानाही हळूहळू घसरते. विषाणूनं कधी तरी ती अवघड वीट बदलून, कवच सावरायला आणखी एका बदलाचा टेकूही दिला, की आवर सुटतो, आणि ताप वगैरे काही न येता सुटतो. पुढची तपासणी होईपर्यंत कळत नाही.

सगळ्यांसाठीचा पुरावा तर पक्का आहे. २०१५ साली ‘स्टार्ट’ चाचणीत सीडी-४ ५०० च्या वर असलेले ४६८५ लोक होते. लगेच गोळ्या सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर ‘सीडी-४ चांगला आहे, थांबू’ हा सल्ला जगभर मागे पडला. आपल्याकडेही २०१७ पासून निदान झालं की गोळी, हेच धोरण आहे. खऱ्या नियंत्रकांना गोळीचा नेमका किती फायदा, यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा होते, कारण अशी माणसं मोठ्या चाचणीला पुरतील इतकी मिळत नाहीत. पण एका छोट्या चाचणीत गोळ्यांनी त्यांच्यातली ही रोगप्रतिकाराची अतिधावपळ कमी झालेली दिसली. आमचा कल स्पष्टपणे गोळीकडे आहे. एकीकडे दिवसाला एक फुकट मिळणारी गोळी आणि दुसरीकडे हृदयावर वर्षानुवर्षं पडणारा ताण, यात फार तोलायचं काही उरत नाही.

‘वर्षभर घेतो, मग बंद करून बघतो’ असं ते म्हणतील. तेही नको. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचा विषाणू दोन ते चार आठवड्यांत उसळतो. ‘स्मार्ट’ चाचणीत ५४७२ लोक होते, आणि सीडी-४ बघून गोळ्या चालू-बंद करणाऱ्या गटात संसर्गाचे आजार आणि मृत्यू अडीच पटींपेक्षा जास्त झाले. २००६ साली ती पद्धत सोडून द्यावी लागली. संशोधकांना यजमानांच्या रक्तात रस वाटू शकतो. अशा अभ्यासात जायचं असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी रक्ताचा नमुना देता येईल का, हे विचारा. त्यासाठी गोळी महिनोन्‌महिने लांबवू नका.

गोळी म्हणजे टीएलडी: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा), हिमोग्लोबिन, कावीळ ‘बी’ची तपासणी आणि टीबीची चौकशी झालीच पाहिजे. कावीळ ‘बी’ असेल तर ही गोळी अचानक बंद केल्यानं यकृताला जोराचा दणका बसू शकतो, म्हणून आधी माहीत हवं. पोटात जळजळ झाली की ॲसिडिटीचं पातळ औषध घेण्याची सवय असेल तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची, नाही तर डोल्युटेग्राव्हिर पोटात अडकून राहतं आणि अंगात उतरत नाही. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फक्त त्या जेवणासोबत एआरटीबरोबर घेतल्या तर चालतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको. सुरुवातीला झोप उडते, डोकं दुखतं. त्यासाठी गोळी सकाळी घेतली की बहुतेकांचं जमतं. क्रिएटिनिन जरासं वाढलेलं दिसलं तर घाबरून गोळी सोडू नका. डोल्युटेग्राव्हिर मूत्रपिंडाला इजा न करताही तो आकडा थोडा वर नेतं. खरी इजा आहे का हे डॉक्टर पाहतील.

तुमच्या यजमानांचा व्हायरल लोड गोळ्यांआधीच ‘सापडला नाही’ असा आहे, त्यामुळे सहा महिन्यांनी सरकारी तपासणीत तो चांगला आला म्हणून गोळी काम करते असं सिद्ध होणार नाही. त्यांच्या बाबतीत सीडी-४ आणि गोळ्या नेमानं घेणं याकडे जास्त लक्ष द्यायचं.

आता तुमचं. तुम्ही निगेटिव्ह आहात म्हणजे मुलीची काळजी नको. बापाकडून मुलाला एचआयव्ही थेट जात नाही, आईला लागण झाली तरच तो बाळापर्यंत पोचतो. तुमची शेवटची तपासणी निरोधाशिवायच्या शेवटच्या संबंधानंतर तीन महिने उलटून झाली आहे का ते तारखा लावून बघा, नसेल तर पुन्हा करा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी. विषाणू दबलेला असेल तर लागण होत नाही, हे खरं आहे, पण हे गोळ्या घेणाऱ्या जोडप्यांवरून सिद्ध झालेलं आहे. त्यातल्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात १७६३ जोडपी होती आणि पुण्याच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही त्यात होती. लवकर गोळ्या सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ साली दिसलं. आपोआप दबलेल्या विषाणूबद्दल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, कारण आवर कधी सुटेल हे सांगता येत नाही. म्हणून गोळ्या सुरू होऊन सहा महिन्यांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत निरोध वापरा. दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न त्यानंतर, डॉक्टरांशी बोलून. तुम्हालाही त्या काळात प्रतिबंधक गोळी देता येते, ते विचारा. निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत सिव्हिलमध्ये जा. २८ दिवसांचं औषध मिळतं, आणि जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं.

सासर-माहेरी सांगायचं की नाही हे तुम्हा दोघांचं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि नोकरीवरूनही यासाठी काढता येत नाही. आडलं तर १०९७ वर मराठीत बोलता येतं.

यजमानांना एआरटी केंद्रात नेताना आयसीटीसीचा कागद, दोन्ही व्हायरल लोडचे मूळ रिपोर्ट, सीडी-४ चा कागद आणि गेल्या दोन वर्षांची रक्तदानाची कार्डं सोबत ठेवा. एका कोऱ्या कागदावर तारखा एकाखाली एक लिहा: कधी रक्त दिलं, कधी पॉझिटिव्ह आलं, काढा कधीपासून. डॉक्टरांसमोर पहिला प्रश्न टाइपचा विचारा, आणि शक्य झालं तर त्याच दिवशी पहिली गोळी घेऊनच घरी या.